आबांच्या ड्रममधली परदेशी माती

पालम, ता. १२ मे

श्री. परमेश्वरराव यांना सुग्रीव दाजींचा पालमहून नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या मातीच्या पिशवीवर जी किंमत छापली होती ती तुम्ही भरलीत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती पिशवी खरी कितीला पडली हे तुमच्या कानावर घालावं म्हणून आधीच लिहितो: एक आंब्याचं रोप, एका महिन्याचा पिंड, कडूबाईशी दोन महिन्यांचा अबोला, गल्लीतल्या अकरा घरांचा माझ्यावरचा भरवसा (तो अजून गेलेला नाही, पण जाणार आहे) आणि डबाभर आबा.

असो. पत्राला अशी सुरुवात करू नये, आधी खुशाली विचारावी, एवढं मला कळतं. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ऊन त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नाही, नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तुमच्या बहिणीचा, रुख्मिणीचा, गुडघा जिना चढताना बोलतो आणि उतरताना गप्प राहतो, आणि तुमची भाची प्रियदर्शनी कृषीच्या शेवटच्या वर्षाला असल्यामुळे घरात आपल्याशिवाय कुणालाच काही कळत नाही असं तिचं मत आता पक्कं झालेलं आहे. सौ. राजेश्रीताईंची कंबर कशी आहे, तुमची गॅलरीतली बाग कशी आहे, ते कळवा. हे सगळं फोनवर का सांगितलं नाही म्हणाल, तर रुख्मिणी हल्ली फोन स्पीकरवर टाकूनच बोलते. मला साध्या फोनवर व्यवस्थित ऐकू येतं असं तिला शंभरदा सांगितलं, पण ती म्हणते राहू द्या, सगळ्यांना ऐकू आलेलं बरं. आणि या पत्रातली गोष्ट तिला ऐकू येऊन चालणार नाही. शेवटी बाप तिचाही आहे.

तुम्ही मला पंचवीस वर्षं ओळखता. आईबाप ऊसतोडीला जायचे, मी उसाच्या पाल्याच्या कोपीत राहून चौथीपर्यंत शिकलो, मग मोटार वाइंडिंगच्या दुकानात फडकं मारता मारता जे शिकलो ते कानानं शिकलो. आज बसस्टँडमागं माझं स्वतःचं दुकान आहे. शेतकरी मोटार घेऊन आला की मी ती उघडतसुद्धा नाही. नुसती चालू करायला सांगतो आणि पाठ फिरवून चहा पितो. बेअरिंग गेलंय, बुश झिजलाय का वाइंडिंग जळायला लागलंय, हे कपातला चहा संपायच्या आत सांगतो. सांगायचा मुद्दा हा, की तुमच्या वडिलांच्या, आबांच्या, शेवटच्या घटकेला खोलीत आठ माणसं होती आणि त्यांचा शेवटचा शब्द एकट्या मला ऐकू आला. तुम्ही तेव्हा पुण्याहून निघून रस्त्यात होता. जीव जाताना माणसाला जमिनीवर घ्यायचं म्हणून आम्ही त्यांना घोंगडीत धरून खाटेवरून खाली घेत होतो, तेवढ्यात त्यांचे ओठ हलले. मी लगेच सगळ्यांना सांगितलं, आबा 'आंबा' म्हणाले. बाकीच्या सात जणांना नुसता श्वास ऐकू आला होता. तुम्ही आल्यावर तुमच्या गळ्यात पडून तीच गोष्ट मी सांगितली आणि तुम्ही तिथल्या तिथं ठरवलंत की अस्थी गंगाखेडला गंगेत सोडायच्या, पण राख नदीत टाकायची नाही, आजकाल लोक करतात तसं त्या राखेत झाड लावायचं. आंब्याचं.

इथपर्यंत सगळं शोभेसं झालं. पण झाड कुठं लावायचं? तुम्ही म्हणालात, परभणीत माझा प्लॉट आहे, तिथं बंगला होईल, बंगल्यापुढं आबा. प्लॉटचं काम व्हायला दोन महिने लागतील, तोवर दाजी, तुमच्या गच्चीवर ठेवा. म्हणून मी निळा प्लॅस्टिकचा ड्रम अर्धा कापला, बुडाला भोकं पाडली, कडूबाईच्या उकिरड्यातलं कुजलेलं खत, शेतातली काळी माती आणि त्यात आबांची राख कालवली आणि केशरचं रोप लावलं. (कडूबाई म्हणजे आमच्या मागच्या दारची म्हातारी. तिच्या सहा शेळ्या आहेत आणि तालुक्यात तिच्यासारखा उकिरडा नाही. सगळी गल्ली कुंड्यांसाठी घमेलं घेऊन तिच्याकडेच जाते.) रोप लागलं. दिवाळीला तांबूस पालवी फुटली, रुख्मिणीनं ड्रमपुढं पणती ठेवली, आणि दोन महिन्यांचे सहा महिने झाले तरी बंगल्याची वीट दिसली नाही, त्याबद्दल ना मी काही बोललो ना आबा.

चूक माझी झाली ती जानेवारीत. मी तुम्हाला फोटो पाठवला. दोन पानांची टोकं तपकिरी झाली होती, तुम्ही फोटो बोटांनी ताणून मोठा केलात (ही सोय ज्यानं काढली त्यानं किती घरांत भांडणं लावली असतील) आणि निदान केलंत की आमची माती भिकार आहे. आठ दिवसांत कुरिअरवाला जिन्यात एक पिशवी टाकून गेला. पिशवीवर हिरवं रान, निळं आभाळ आणि मोठ्या इंग्रजी अक्षरात नाव. प्रियदर्शनीनं ते मोठ्यानं वाचलं, "पीट." नेमकी त्याच वेळी कडूबाई ताक मागायला दारात उभी होती.

तिनं पिशवीच्या फाटक्या कोपऱ्यात बोट घातलं, चिमूट काढली, हुंगली, आणि मला म्हणाली, "सुग्रीवा, परमेश्वरानं बापासाठी पीठ धाडलंय व्हय? लय काळं हाय की रं. जळालं का काय दळताना?"

मी तिला समजावलं की हे पीठ नाही, पीट आहे. ती म्हणाली, तेच म्हणायलेय मी. मी म्हणालो, माती आहे. ती म्हणाली, मातीला कुणी पीठ म्हणतंय का. तिसऱ्यांदा समजवायला गेलो तेव्हा ती ताक घेऊन गेली होती. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की पुण्याच्या पोरानं बापाच्या पिंडासाठी परदेशी पीठ पाठवलं. दोन बायका बघायला आल्या. एकीनं तर विचारलं, त्याच्या भाकरी होतात का.

मग तुमचा व्हिडिओ कॉल आला. आठवतंय ना? तुम्ही सोफ्यावर, मी गच्चीवर, फोन पाण्याच्या टाकीला टेकवलेला. तुम्ही सांगत गेलात आणि मी करत गेलो. रोप अलगद काढा. काढलं. मुळांची माती झटका. झटकली. जुनी माती सगळी फेकून द्या दाजी, एक कण ठेवू नका, तिच्यात रोग असतो. मी घमेल्यानं चार खेपा केल्या आणि ती माती कडूबाईच्या उकिरड्यावर नेऊन पालथी केली. ड्रम धुतला. तुमचं पीट भिजवून भरलं. तुम्ही म्हणालात, आता बघा. मी तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी दुकानात एक जळकी मोटार उघडली, आत नुसती राख निघाली, आणि माझे हात थांबले. परमेश्वरराव, आबा नवीन मातीत नव्हते. आबा जुन्या मातीत होते.

मी तसाच उठून घरी गेलो आणि मागच्या दारानं उकिरड्याकडे बघितलं. चार दिवसांत त्याच्यावर शेळ्यांच्या लेंड्या, भाजीचा पाला आणि कुणाच्या तरी बारशाच्या पत्रावळी पडल्या होत्या, आणि कडेनं ताजी घमेली भरून नेल्याच्या खुणा होत्या. लोक खत नेताना कडेचंच नेतात. मी कडूबाईला विचारलं, कुणी कुणी नेलं? तिनं बोटं मोजली. अकरा घरं. मी तसाच परत दुकानात गेलो.

त्यानंतर महिन्याचं श्राद्ध आलं. रुख्मिणीनं कडूबाईला मदतीला बोलावलं आणि सांगितलं, मावशी, पिंडासाठी जरा पीठ मळा. मावशीनं विचार केला असणार, घरात पोरानं खास पाठवलेलं असताना कणीक कशाला. जिन्यातल्या उरलेल्या पिशवीतून ओंजळभर घेतलं आणि मळलं. तिचं म्हणणं, ते फुटत होतं म्हणून तिनं तूप वाढवलं. गच्चीच्या कठड्यावर तो काळाभोर पिंड ठेवला. एक कावळा आला, त्यानं पिंडाकडे एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं, बाजूची वडी उचलली आणि शेजारच्या सिताराम गुरुजींच्या पत्र्यावर जाऊन बसला. दुपारी दोनपर्यंत दुसरा कावळा नाही. खाली जमलेली माणसं हळू आवाजात बोलायला लागली (हळू बोललं की मला ऐकू येत नाही असा लोकांचा समज आहे) की म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. रुख्मिणी हात जोडून ड्रमकडे तोंड करून म्हणाली, "आबा, आंब्याची काळजी करू नका, आमी हावोत." मी तिथंच उभा होतो. ड्रममध्ये आबा नाहीत हे त्या गच्चीवर एकट्या मला माहीत होतं. त्या संध्याकाळी मी कडूबाईला पिठावरून नको ते बोललो. आमचा दोन महिन्यांचा अबोला तो.

एवढं होऊनही रोप जगलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तुमच्या त्या मातीची तऱ्हा ऐका. ओली आहे तोवर गरीब गाय. एप्रिलमध्ये आम्ही पुतणीच्या लग्नाला पूर्णेला चार दिवस गेलो. परत आलो तर ड्रममध्ये माती नव्हती, एक वीट होती. कडेनं बोटभर सुटलेली. मी बादलीभर पाणी ओतलं, ते कडेनं खाली गेलं आणि भोकांतून जिन्यात आलं. दुसरी बादली ओतली, तीही जिन्यात आली. वरून हात लावला तर ओलं, आत बोट घातलं तर कोरडं ठाक. आठ दिवसांतून एकदा येणारं पाणी मी जिन्याला पाजत होतो. हनुमान जयंतीपर्यंत पानं मुरडली, नंतर काडी राहिली.

प्रियदर्शनीनं मग मला बसवून शिकवलं, आणि तिचं मी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. ती म्हणते, पीट ही आपली माती नव्हेच. थंड मुलखातल्या दलदलीत शेवाळ साचतं, पाण्याखाली कुजत नाही, तसंच दबत जातं, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. म्हणजे आपल्या ड्रमात जेवढी भरली तेवढी साचायला किती पिढ्या गेल्या ते बघा. ती उपसली की दलदल मरते आणि तिच्यात धरून ठेवलेला धूर, म्हणजे कर्ब, हवेत सुटतो. तिकडच्या घरबागवाल्यांनाच आता सांगायला लागलेत की हे सोडा. आणि ती म्हणाली, बाबा, त्या दलदलीत कधीकधी हजारो वर्षांपूर्वीची माणसं सापडतात, कातडीसकट, दाढीच्या खुंटांसकट. हे ऐकल्यावर मला त्या रात्री जेवण गेलं नाही. जी माती मेलेल्या माणसाला माती होऊ देत नाही, तिच्यात आपण आबांना ठेवायला निघालो होतो. कडूबाईच्या उकिरड्यात लेंडी, पाला, पत्रावळ, माणूस, सगळ्यांना एकच न्याय आहे. सहा महिन्यांत कोण कोणाचा पाहुणा हे ओळखू येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दाजी उकिरड्याची वकिली करायलेत. तर तसंही नाही. मी धंदेवाला माणूस आहे, दोन्ही बाजू ऐकतो. प्रियदर्शनीनं पीटच्या जागी नारळाचा भुसा आणला, त्याच्यात मीठ निघालं, तिची मिरचीची रोपं चार दिवसांत करपली. तो भुसा तीन पाण्यांत धुवावा लागतो म्हणे, आणि तीन पाणी म्हणजे आमचे चोवीस दिवस. उकिरड्यात हुमणीची अळी असते, ती मुळं खाते, आणि अर्धवट कुजलेलं खत घातलं तर रोप भाजतं. गांडूळखत चांगलं, पण विकत आणलं तर त्यात निम्मी वाळू निघते (हे मी चाळून बघितलंय). तेव्हा घरबागेत पीट सोडावं का असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, सोडावं, पण 'पीटमुक्त' असं छापलेली दुसरी पिशवी आणून नव्हे. जे आपल्या मागच्या दारी कुजतं ते चाळून, हुमणी वेचून, वर्षभर मुरवून घालावं. आमच्याकडे हे आधीपासून चालूच होतं. आम्ही सुटलेलेच होतो परमेश्वरराव, तुम्ही आम्हाला कुरिअरनं अडकवलंत.

राहता राहिली अकरा घरं. फेब्रुवारीपासून आबा त्यांच्या कुंड्यांत आहेत. कुणाच्या गुलाबात, कुणाच्या पालकात, सिताराम गुरुजींच्या वांग्यात. गुरुजी दोन आठवड्यांपूर्वी स्वतः वांगी घेऊन आले, म्हणाले यंदासारखी वांगी कधी झाली नाहीत, चव बघा. रुख्मिणीनं भरली वांगी केली. मी दोन खाल्ली. तिसरं ताटात ठेवून उठलो, आणि ती म्हणाली, आबांनाही तिसरं जात नव्हतं.

त्यानंतर मला राहवेना. मी एक घमेलं घेतलं, कानाला पेन्सिल लावली आणि घरोघर जाऊन सांगितलं की माती परीक्षण चालू आहे, प्रत्येक कुंडीतली मूठभर माती हवी. लोकांनी मोठ्या मनानं दिली. एकीनं चहा केला. अकरा घरांच्या अकरा मुठी झाल्या, बारावी मूठ उकिरड्याच्या कडेची घेतली. घेताना कडूबाई मागे येऊन उभी राहिली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलली. "सुग्रीवा, काय हुडकायलास?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. ती उकिरड्याकडे बघून म्हणाली, "मग काय वंगाळ झालं? माझा मालक बी हितंच हाय. गंगेला जायला तवा पैसे कुठं व्हते." आणि तिनं स्वतःच्या हातानं आणखी एक मूठ काढून घमेल्यात टाकली. त्यात कोण होतं ते मी विचारलं नाही.

तेव्हा आता ड्रममध्ये शेतातल्या काळ्या मातीत कालवलेली ही माती आहे आणि तिच्यात गेल्या आठवड्यात आणलेलं नवीन केशर आहे. परवा पाठवलेल्या फोटोत जे झाड बघून तुम्ही 'बघा दाजी, परदेशी मातीचा गुण' असं लिहिलंत ते हेच. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला याल तेव्हा ते गुडघ्याएवढं का आहे, आणि कलमाचा जोड इतका ताजा का दिसतो, हे चार पाहुण्यांत विचारू नका एवढ्यासाठी हे पत्र.

सौ. राजेश्रीताईंना नमस्कार. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

तुमचे दाजी,
सुग्रीव

ता. क. येताना माती तपासायचं छोटं किट मिळतं ते घेऊन या. अकरा घरं रोज विचारतात, रिपोर्ट आला का. गुरुजींनी तर विचारलं की वांग्याच्या कुंडीत नेमकं काय जास्त निघालं.

ता. क. दोन. किट नाही आणलंत तरी चालेल. खरं मागणं वेगळं आहे. प्लॉटचं राहू द्या. बोरीला आबांच्या शेतात विहिरीशेजारी जागा आहे, शेत तुमच्या नावावर आहे म्हणून विचारतो. वर्षश्राद्धाच्या दिवशी झाड तिथं जमिनीत लावू या. माणसानं बंगल्याची वाट बघत वर्षभर अर्ध्या ड्रमात राहू नये. नाही म्हणायचं असेल तर फोन करू नका, येऊन तोंडानं सांगा.

ता. क. तीन. पाकीट चिकटवायच्या आधी हे पत्र तुमच्या बहिणीच्या हाती लागलं. तिनं चष्मा लावून उभ्यानं सगळं वाचलं. राख कुठं गेली ते तिला फेब्रुवारीतच कळलं होतं; मी चार खेपा केल्या तेव्हा ती मागच्या दारात भांडी घासत होती. रडली नाही. फक्त एक गोष्ट दुरुस्त करून लिहायला सांगितली, ती लिहितो. आबा 'आंबा' म्हणाले नव्हते. त्यांना आम्ही खाली घेत होतो तेव्हा ते 'थांबा' म्हणाले होते. मी विचारलं, मग वर्षभर बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुमी सगळ्याला आंबा आंबा सांगत रडायला लागलात. म्हनलं, थांबलं तर कुणीच न्हाई, झाड तरी लागू द्यावं."

घोंगडीची डोक्याकडची बाजू तिनं धरली होती. मी पायाकडं होतो.